रामकिसनची पट्टी

रामकिसनने छोटी हातोडी चेसीवर मारली आणि मान तिरकी करून आवाज ऐकला. टण्ण. दोन विती मागे सरकून पुन्हा मारली. पुन्हा तसाच स्वच्छ, लांबणारा आवाज. टँकरची टाकी सकाळीच चेन कप्पीने उचलून बाजूला ठेवली होती. ज्या दोन लांबलचक पोलादी तुळयांवर सगळा ट्रक उभा असतो ती चेसी आता उघडी पडली होती, आणि रामकिसन तिच्या कडेने ठोके देत इंजिनाकडून मागच्या चाकांकडे येत होता. पोलाद आतून खराब असलं की आवाज बसतो. हे ओळखायला त्याला कधी मशीन लागलं नव्हतं, आणि लागत नाही हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला आवर्जून ऐकवत असे.

आजचं गिऱ्हाईक मात्र मुकाट ऐकून घेणाऱ्यातलं नव्हतं. साळूबाई रंगाच्या उलट्या डब्यावर बसली होती आणि प्रत्येक ठोक्यानंतर मान हलवत होती, जणू तिलाही त्यातलं सगळं कळतं. मूळची सोयगावकडची ही बाई तीस वर्षांपूर्वी मुकुंदवाडीत नांदायला आली. नवरा अपघातात गेला तेव्हा त्याचा ट्रक विकून टाक असं सगळ्यांनी सांगितलं. तिने त्याच ट्रकवर पाण्याची टाकी बसवली. आता तिचे दोन टँकर होते. सोमवारी हा जुना टँकर कन्नड तालुक्यातल्या गावांना पाणी द्यायला निघायचा होता. मे महिना होता, विहिरी कधीच आटल्या होत्या, आणि एक दिवसही उशीर चालणार नव्हता.

आज शुक्रवार. रामकिसनने तिला छातीठोकपणे रविवार संध्याकाळचा वायदा केला होता. आज खरवडायचं, रॉकेलने पुसायचं आणि दिवस मावळायच्या आत रेड ऑक्साईडचा पहिला हात मारायचा. उद्या दुसरा हात. परवा काळा रंग आणि टाकी वर. खरवडलेलं पोलाद एक रात्रसुद्धा उघडं ठेवायचं नाही, आणि त्याला घामाचा हात लावायचा नाही, हे त्याचे दोन कायदे होते. कोरड्या मराठवाड्यात कसला आलाय गंज, असं कुणी म्हणालं की तो त्या माणसाला शांतपणे विचारायचा, "घाम तर येतो ना तुला?"

मुकुंदवाडीच्या छोट्या स्टेशनामागे त्याचं पत्र्याचं शेड होतं. तो कन्नडच्या बाजूच्या खेड्यातून इथे आला तेव्हा शेडमागे ज्वारी उभी असायची. आता तिथे चार-चार मजल्यांच्या इमारती होत्या आणि त्यांच्या गच्च्यांवर काळ्या टाक्यांची रांग लागली होती. महापालिकेची पाइपलाइन त्यांच्यापर्यंत यायची होती ती अजून यायचीच होती. तोवर त्या टाक्या टँकर भरत होते. दुष्काळ पडला की टँकर खेड्यांकडे धावायचे, सरला की या नव्या वसाहतींकडे. उभे कधीच राहायचे नाहीत. आणि टँकर म्हटला की गंज आलाच. भरताना वरून पाणी सांडतं, नळाच्या जोडातून ठिबकतं, आणि सगळं जातं खाली चेसीवर.

म्हणून तर रामकिसनची पट्टी.

ती निघाली दोन हजार बाराच्या दुष्काळात. त्या वर्षी चालू शकणाऱ्या प्रत्येक ट्रकवर कुणी ना कुणी टाकी चढवत होतं. विटांचे ट्रक, उसाचे ट्रक, भंगारात निघालेले ट्रक, सगळे एका हंगामात टँकर झाले आणि पुढच्या हंगामात खालून लालभडक झाले. तेव्हा रामकिसनने डोकं लढवलं. टाकी आणि चेसीच्या मध्ये गोणपाटाची जाड पट्टी घालायची, पण आधी ती उकळत्या डांबरात बुडवून काढायची. डांबरातून पाणी जाणार नाही आणि गोणपाटामुळे टाकीचा दणका चेसीला बसणार नाही. त्याच्या बायकोने, आशाबाईने, दाभण आणि सुतळीने दुहेरी गोणपाट शिवून दिलं. पहिली पट्टी याच टँकरला, साळूबाईच्या गाडीला लावली होती. मग दुसरा आला, तिसरा आला. डांबरात काय किती मिसळायचं हे त्याने कुणाला सांगितलं नाही. एकूण सतरा टँकरांना त्याने आपल्या हाताने ती पट्टी लावली.

दुष्काळ सरल्यावर टँकरमालकांच्या संघटनेने त्याचा सत्कारच केला. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं रीतसर. एका मालकाने भाषणात सांगितलं की आमच्या गाड्या पाण्याने बुडाल्या असत्या, रामकिसनभाऊंनी तारल्या. या वाक्यात पाण्याने ट्रक कसा बुडतो हे कुणी विचारलं नाही. टाळ्या भरपूर पडल्या. त्या दिवसाचा फोटो शेडमध्ये लटकत होता. फोटोतला रामकिसन इतका ताठ उभा होता की फेटा मोठा दिसत होता आणि माणूस लहान.

तर आज सात उन्हाळ्यांनंतर ही पहिली गाडी पुन्हा त्याच्या हाताखाली आली होती, आणि तो मनातून खूश होता. आपलं काम कसं टिकलंय ते साळूबाईला दाखवायला तो उतावीळ झाला होता. त्याने पट्टी मुद्दाम शेवटी ठेवली होती. टाकी उचलली तेव्हाही ती चेसीला घट्ट चिकटून राहिली होती. तिच्याकडे बोट करून तो म्हणाला होता, बघा, जशीच्या तशी.

पट्टी जिथे सुरू होत होती तिथे त्याने खालच्या बाजूने हातोडी मारली.

आवाज आला नाही. म्हणजे आला, पण तो पोलादाचा नव्हता. ओल्या भिंतीवर मारावं तसा धप्प वाजला.

रामकिसनने पुन्हा मारली. थोडं पुढे जाऊन मारली. पलीकडच्या तुळईवर मारली. मग त्याने साळूबाईकडे न बघता पटाशी घेतली आणि पट्टीचं टोक उचकटलं. वरचं डांबर उन्हाने तडकून चिखलासारखं भेगाळलं होतं, हे त्याला आत्ता दिसलं. पट्टी सोलत वर आली आणि तिच्याबरोबर पोलादाचे पापुद्रे आले. तांबडे, जाड, एकावर एक बसलेले. त्यातला एक त्याने चिमटीत धरला, तो चुरला गेला. खाली बोटभर जाडीचं पोलाद असायला हवं होतं, तिथे काही ठिकाणी नखाएवढं उरलं होतं.

त्याने पट्टी उलटी केली आणि तिच्यावर तळहात ठेवला.

ती ओली होती. टाकी रिकामी करून तीन दिवस झाले होते. बाहेर बेचाळीस अंश ऊन होतं, शेडच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं, आणि ही पट्टी आतून गार, ओलीकिच्च होती. सकाळीच त्याने शेडमधल्या माठाला ओलं गोणपाट गुंडाळलं होतं, दिवसभर पाणी गार राहावं म्हणून. त्याच्या आईने आयुष्यभर तेच केलं, तिच्या आईनेही. गोणपाट पाणी धरून ठेवतं, सोडत नाही, हे या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रामकिसनला मात्र ते सात वर्षं सुचलं नव्हतं. डांबर तडकलं त्या दिवसापासून त्याची पट्टी थेंबन् थेंब पिऊन चेसीला कवटाळून बसली होती. पट्टी नसती तर ते पाणी तासाभरात वाळलं असतं.

पापुद्रे मुठीत धरून तो तसाच उकिडवा बसून राहिला.

साळूबाई उठून आली. तिने वाकून बघितलं, बोटाने एक पापुद्रा खरवडला. तेवढ्यात पलीकडून बद्रीनाथ आला. टाक्या बांधणारा, वेल्डिंग करणारा हा रामकिसनचा पंचवीस वर्षांचा दोस्त. त्याचं दुकान शेडच्या मागच्या भिंतीपलीकडे होतं. रामकिसन तिकडे फारसा जात नसे, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्याला वेल्डिंगच्या उजेडाकडे फिरकायचं नाही म्हणून सांगितलं होतं. बद्रीनाथच आपला दिवसातून चारदा चहाला इकडे यायचा. आताही तो चहालाच आला असावा. चेसी बघून तो जागच्या जागी थांबला.

साळूबाई म्हणाली की पलीकडच्या साली ती बिडकीनच्या बाजूच्या एका बोअरवरून पाणी भरत होती, ते खारं होतं. "त्या खाऱ्या पाण्यानंच खाल्ली आसंल गाडी," ती म्हणाली. "दुसरं काय."

"व्हय, खारं पाणीच," बद्रीनाथ लगेच म्हणाला. "खारं पाणी लई वंगाळ. त्याच्याम्होरं कुणाचं काय चालत नाय."

रामकिसनने मान वर केली. दोघं त्याच्याकडे बघत होती आणि त्याने नुसतं हो म्हणायचं बाकी होतं. खरं सांगायचं तर त्याला त्या क्षणी फार बरं वाटलं. खारं पाणी म्हटलं की सगळं सुटत होतं. त्याचं नाव सुटत होतं, फोटो भिंतीवर राहत होता, आशाबाईला काही सांगावं लागत नव्हतं. हो म्हणायला त्याचं तोंड उघडलंही.

साळूबाईने मात्र हिशोब पुढे नेला होता. खराब भाग बद्रीनाथने कापून काढावा, नवं पोलाद जोडावं, रविवारचा वायदा रविवारीच पाळावा. "आन ह्या बारीला पट्टी डबल टाका," ती म्हणाली. "घाटातून चालणार हाय गाडी. मला जोखीम नकोय."

रामकिसनचं तोंड मिटलं. डबल पट्टी म्हणजे दुप्पट गोणपाट. दुप्पट पाणी. दहा हजार लिटरची टाकी, कन्नडचा घाट, आणि खाली नखाएवढं पोलाद. ही एक गाडी तरी इथे डोळ्यांपुढे उघडी पडली होती. बाकीच्या सोळा रस्त्यावर होत्या, आणि प्रत्येकीच्या पुढच्या काचेमागे एक माणूस बसला होता. त्याला त्यांचे चेहरे एकामागून एक आठवायला लागले आणि मग बसवेना. तो उठला.

"साळूबाई, खाऱ्या पाण्याचं नाय हे," तो म्हणाला. "माझ्या पट्टीनं खाल्ली तुमची गाडी."

त्याने पट्टीचा तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो दाबला. तिच्या बोटांमध्ये पाणी आलं. तीन दिवस कोरड्या असलेल्या टँकरखालून निघालेलं ते पाणी तिने बघितलं, पदराला हात पुसला, आणि रामकिसनला वाटलं आता ही सगळ्या गॅरेजवाल्यांना गोळा करून आपली लाज काढणार. तसं तिने केलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

"किती गाड्यांला लावली?" तिने विचारलं.

"सतरा."

"माझी धरून?"

"धरून."

"मग सोळा फोन करायचेत," ती म्हणाली आणि कमरेच्या पिशवीतून तिने मोबाइल काढला. टँकरवाल्या सगळ्यांचे नंबर तिच्याकडे होते. नाव तुम्ही सांगा, फोन मी लावते, पण बोलायचं तुमच्याच तोंडाने, असं तिने बजावलं. बद्रीनाथ मध्येच म्हणाला की एवढी काय घाई आहे, संध्याकाळी निवांत बसून लावू. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो खिशात उगाच काहीतरी शोधायला लागला.

पहिला फोन चिकलठाण्याच्या सांडूला. सांडू हा रामकिसनचा सगळ्यात मोठा भक्त. दर दसऱ्याला सोनं द्यायला शेडवर यायचा आणि चारचौघांत पट्टीचं कौतुक करूनच जायचा. साळूबाईने स्पीकर लावला. रामकिसनने घसा साफ केला. सात वर्षं ज्या तोंडाने बढाया मारल्या त्याच तोंडाने त्याने सगळं सांगितलं: डांबर तडकतं, गोणपाट पाणी धरतं, चेसी आतून कुजते, गाडी आजच्या आज उभी करा.

"दादा," सांडू म्हणाला, "ती पट्टी मी चार वर्सं झाली काढून टाकली. आता खाली रबर हाय."

रामकिसनला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. त्याने पुन्हा विचारलं. सांडूने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी आणखी हळू आवाजात, आणि मग घाईने म्हणाला की पट्टी तशी चांगलीच होती, पण असो, आणि वहिनी बऱ्या आहेत का. चार वर्षं म्हणजे चार दसरे. चारही दसऱ्यांना सांडूने आपट्याची पानं हातात ठेवून पट्टीची स्तुती केली होती.

दुसरा फोन विश्वजितरावांना. हे शहरातले बांधकामवाले. शहराला लागूनच असलेल्या सातारा गावाच्या बाजूला त्यांच्या इमारती उठत होत्या आणि त्यांना पाणी घालायला त्यांनी स्वतःचा टँकर ठेवला होता. माणूस आदबशीर. त्यांनी रामकिसनचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कळवल्याबद्दल आभार मानले, आणि सांगितलं की ती पट्टी तीन वर्षांपूर्वीच बदलली आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो, एवढंच ते पुढे म्हणाले. तिसऱ्या फोनवरही तेच उत्तर आलं. चौथ्याने तर विचारलं की बद्रीभाऊंनी तुम्हाला सांगितलं नाही का.

साळूबाईने फोन खाली केला. रामकिसन मागे वळला.

बद्रीनाथ चेन कप्पीच्या खांबाला टेकून उभा होता. त्याने आता लपवायचं काही ठेवलं नाही. टाकी गळते म्हणून जी गाडी त्याच्याकडे यायची तिची टाकी उचलली की त्याला ते खाली दिसायचं. तो पट्टी काढायचा, खरवडायचा, रंग द्यायचा आणि जुन्या कन्व्हेअर बेल्टचं रबर घालून टाकी पुन्हा बसवायचा. मालकाला सांगायचा की रामकिसनला काही बोलू नका. अशा पंधरा गाड्या त्याने केल्या होत्या. मागच्या भिंतीपलीकडे, रामकिसनच्या पाठीला पाठ लावून.

"मला सांगायचं व्हतं, बद्री."

"सांगायलाच आलो व्हतो. मी पयल्यांदा एका गाडीची पट्टी काढली त्याच दिशी आलो. तर इथं मांडव घातलेला. तुझ्या डोक्यावर फेटा, वहिनीच्या हातात साडीचोळी. मला बी धरून बसवलं त्यांनी. मीच पयली टाळी वाजवली." बद्रीनाथने मान खाली घातली. "एकदा शाल घातल्यावर माणसाला कसं सांगावं? आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता सात वर्सं निघून गेली. आन वहिनीनं शिवलेलं ते. माझ्याच्यानं नाय झालं."

रामकिसनला राग आला. इतका आला की हातातली हातोडी त्याने बाजूला ठेवली. सात वर्षं तो या माणसाला चहा पाजून पट्टीच्या गोष्टी सांगत होता आणि हा मान डोलवत होता. सात वर्षं ज्याने त्याने त्याला लहान मुलासारखं सांभाळलं होतं. त्याला आत्ता बायकोच्या चुलीपाशी जाऊन गुमान बसावंसं वाटलं आणि बद्रीनाथच्या श्रीमुखात भडकवावीशीही वाटली. यातलं काहीच करायला वेळ नव्हता.

साळूबाईला मात्र वेळ होता. "तुमच्या दोघांच्या भिडेपायी माझी गाडी कुजली," ती दोघांना म्हणाली. "मला कुणी भीड दाखवत नाय म्हून बरं हाय, न्हायतर मी बी आज फेटा घालून बसले असते." मग ती रामकिसनकडे वळली. तिचा आवाज जरा खाली आला. "पंधरा झाल्या. माझी सोळावी. सतरावी कुणाची?"

रामकिसनला आठवायची गरज नव्हती. सतरावी पट्टी सत्यमच्या गाडीला लावली होती. सत्यम त्याच्या गावाशेजारचा. तेव्हा नुकतं लायसन मिळालेलं, आता तिशीचा. स्वतःची गाडी स्वतःच चालवायचा, कन्नडलाच राहायचा, दुरुस्ती तिकडेच करून घ्यायचा. बद्रीनाथकडे तो कधी आलाच नव्हता. दुष्काळ पडला की सत्यम घाटाखाली टाकी भरायचा आणि भरलेली गाडी घाटाने वर चढवून गावांना पाणी द्यायचा. रोज चार फेऱ्या.

साळूबाईने नंबर लावला. रिंग वाजत राहिली. रामकिसनच्या मानेवरून घाम ओघळला आणि त्याने तो पुसला नाही. फोन कट झाला. तिने पुन्हा लावला. या वेळी तिसऱ्या रिंगला उचलला आणि आधी इंजिनाचा आवाजच आला.

"बोला मावशी."

"रामकिसन बोलतोय, सत्यम. कुठं हायेस?"

सत्यमला आनंदच झाला. काका, किती दिवसांनी, म्हणाला. घाटाच्या पायथ्याला होता. टाकी गच्च भरली होती, पुढे एक कंटेनर चालला होता, तो जरा वर गेला की हाही निघणार होता.

"निघू नको," रामकिसन म्हणाला. "गाडी बाजूला घे आन बंद कर."

सत्यमला कळेना. वर दोन गावांची माणसं सकाळपासून हंडे मांडून बसली होती. दहा हजार लिटर पाणी रस्त्यात घेऊन उभं राहायचं कसं, आणि किती वेळ? साळूबाईने फोन स्वतःच्या तोंडाजवळ ओढला. तिचा दुसरा टँकर आज कन्नडमध्येच होता, त्याच्याखाली पट्टी नव्हती. ड्रायव्हरला ती आत्ता खाली पाठवते, पंप लावून पाणी त्यात घ्यायचं आणि तो वर जाईल. पाण्याचा थेंब वाया जाणार नाही, तू तिथून हलू नकोस. एवढं सांगून तिने फोन पुन्हा रामकिसनसमोर धरला. बद्रीनाथ कधीच पलीकडे गेला होता. भिंतीमागून त्याच्या 'छोटा हत्ती' टेम्पोत जॅक आणि रबराची गुंडाळी टाकल्याचे आवाज येत होते.

"पण झालंय काय, काका?" सत्यम हसत होता. "गाडीचं म्हणत आसाल तर अजाबात घोर करू नका. ब्रेक परवाच केलेत. आन खाली तुमची पट्टी हाय. तुमच्या पट्टीवर माझा देवागत भरवसा हाय, मला काय व्हतंय?"

पंधरा जणांनी ती काढून फेकली होती. साळूबाईला आज कळलं होतं. उभ्या जिल्ह्यात त्या पट्टीवर विश्वास ठेवणारा हा एकच माणूस उरला होता, आणि तो घाटाच्या तोंडाशी भरल्या टाकीपुढे बसला होता. रामकिसनला त्याचं हसणं ऐकवेना.

"म्हणूनच फोन केलाय," तो म्हणाला. "ती पट्टी चुकली, सत्यम. माझीच चूक हाय. आतून चेसी कुजवते ती. तुझ्याखाली आता पोलाद राहिलंय का नाय, मला ठावं नाय."

पलीकडे हसणं थांबलं. इंजिन तसंच गुरगुरत होतं. कंटेनर पुढे गेला असावा, कारण मागून कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं. एक हॉर्न, मग दुसरा. साळूबाईने फोन आणखी घट्ट धरला. आपण खरं सांगितलं तेव्हाच आपला शब्द संपला, आता हा पोरगा कशावर म्हणून थांबेल, असं रामकिसनला वाटलं.

"तुम्ही सोता म्हणताय ना, काका?"

"मी सोता म्हणतोय."

"मग आसंल," सत्यम म्हणाला.

इंजिन बंद झालं.